शंभर वेळा तोच रस्ता

धाकट्या जावेला प्रयोगशाळेत आणायची दुर्बुद्धी थोरलीलाच सुचली होती. घरी सासूबाई उठता-बसता धाकटीचं कौतुक करायच्या, ते कमी पडलं म्हणून की काय, तिने साहेबांकडे स्वतः शब्द टाकला. आपल्याच पायावर धोंडा, दुसरं काय!

काम असं, की पुढे अपघात झाला तर गाडीने मागच्या गाडीला रेडिओवरून कळवायचं, तिने तिच्या मागचीला. निरोप किती लांब पोचतो, याचं गणित थोरली सहा वर्षं संगणकावर मांडत होती. दोन गाड्यांत मोठी फट पडली की तिचा निरोप तिथेच अडकायचा. धाकटीने चार महिन्यांत तो समोरून येणाऱ्या गाड्यांच्या हाती दिला आणि फट बुजवली.

"याला म्हणतात डोकं!" साहेब म्हणाले. थोरलीच्या पोटात दुखायला लागलं, आणि ते दुखणं काही औषधाचं नव्हतं.

खऱ्या रस्त्यावरची चाचणी कोणाच्या गणितावर करायची, ते शुक्रवारी ठरणार होतं. बुधवारी धाकटीने फाइल पाठवली. "ताई, एकदा नजर घाला ना."

थोरलीने घातली. गणित शंभर वेळा चालवलं होतं. दरवेळी गाड्या नव्याने विखुरायच्या तर सुरुवातीचा आकडा बदलावा लागतो. पोरीने तो बदललाच नव्हता! शंभरही वेळा त्याच गाड्या, त्याच जागी, आणि समोरून तीच एक भली गाडी वेळेवर हजर. हिने शंभर उत्तरं वेगवेगळी बघितलीच नव्हती, बघितली होती फक्त त्यांची सरासरी.

थोरलीला आनंद झाला, अगदी लाज वाटावी इतका. तिने उत्तर लिहिलं, "छान आहे." शुक्रवारी कोणीतरी चूक पकडेल, सगळ्यांसमोर पकडेल, एवढीच तिची इच्छा होती.

शुक्रवारी कोणीही पकडली नाही.

"आकडे ताईंनी तपासलेत," धाकटी शेवटी म्हणाली. "त्यांनी बघितलं की मी निर्धास्त असते."

साहेबांनी सहीसाठी पेन उघडलं. "तपासलंत ना तुम्ही?"

थोरलीने त्या उघड्या पेनाकडे बघितलं. चाचणीच्या गाड्यांत खरी माणसं बसणार होती.

"तपासलंय. शंभर वेळा चालवलेलं सगळं एकच आहे. सुरुवातीचा आकडा बदललेला नाही."

धाकटीने पडद्याकडे बघितलं आणि ती पांढरीफटक पडली. "कधी कळलं तुम्हाला?"

"बुधवारी."

"मग बोलला का नाहीत, ताई?"

"जळत होते गं तुझ्यावर," थोरली म्हणाली. साहेबांनी पेनाला टोपण लावलं.