तिसऱ्या डब्याची जागा

धम्मदीप गजभियेची छोटी, मॉडेलची रेल्वे बारा वर्षं आलेखाच्या कागदावरच धावत होती. कळमेश्वरच्या कारखान्यात तो मेंटेनन्स सुपरवायझर होता. संध्याकाळी वैशालीनगरच्या घरी आला की चहा पिऊन कागद पसरायचा आणि पेन्सिलीनं रूळ काढायचा. कधी त्यात पूल असायचा, कधी बोगदा, एकदा तर अख्खं इतवारी स्टेशन. तसं काही मांडायला दिवाणखाना पुरला नसता, गोदाम हवं होतं.

शेवटी त्याची बायको प्रीती म्हणाली, "मोठं मोठं करता करता तुमचं काहीच होऊन नाही राहिलं. लहान करा, पण करा."

त्याला ते लागलं, आणि पटलंही. एका रविवारी त्यानं सगळे जुने कागद माळ्यावर टाकले आणि नवा काढला. नुसतं शंटिंगचं, म्हणजे डबे मागंपुढं करून गाडी लावायचं यार्ड. दरवाजा सोडून, खिडकीखालून भिंतीपर्यंत बसेल एवढी एकच फळी. डबे उभे करायला तीन साइडिंग, एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे दोन सांधे आणि एक इंजिन. लांब साइडिंगमध्ये पाच मालडबे मावतात, बाकीच्या दोनमध्ये तीन-तीन. डबे एकूण आठ. वाटीत आठ चिठ्ठ्या टाकायच्या, त्यातल्या पाच उचलायच्या आणि त्याच क्रमानं लांब साइडिंगमध्ये गाडी लावून द्यायची. डबे हातानं उचलायचे नाहीत. इंजिननं तीन डबे ओढून पुढच्या मोकळ्या रुळावर न्यायचे, सांधा बदलायचा, मागं ढकलायचे, सोडायचे, परत जायचं. त्या मोकळ्या रुळाला रेल्वेवाले नेक म्हणतात, म्हणजे मान. सगळा खेळ या मानेवर. तिथं इंजिन आणि तीन डबे मावलेच पाहिजेत.

काम त्यानं मनापासून केलं. प्लायवूड कापलं, खाली चौकट मारली, कॉर्कच्या पट्टीवर रूळ चिकटवले. खडी म्हणून बारीक चाळलेली वाळू टाकली आणि फेविकॉलचं पाणी ड्रॉपरनं सोडलं. एक सांधा घट्ट बसत नव्हता, तो तीनदा उखडला. प्रीतीनं काड्यापेटीच्या पुठ्ठ्याचं गोदाम करून दिलं आणि त्याला पिवळा रंग दिला. तिला हे काम आवडायला लागलं होतं, पण ती तसं म्हणायची नाही.

घोळ झाला तो इंजिनात. नकाशा केला होता लहान शंटिंग इंजिन धरून. ते दुकानात संपलेलं, परत कधी येईल सांगता येत नाही, असं उत्तर आलं. शेजारीच मोठं डिझेल इंजिन होतं, निळं, चकचकीत. धम्मदीपनं तेच मागवलं. आणखी थांबायचा त्याला धीर नव्हता. इंजिन आलं, रुळावर ठेवलं, झक्क चाललं. मग त्यानं तीन डबे जोडून मानेत ओढले आणि इंजिनाचं नाक भिंतीला टेकलं. तिसरा डबा सांध्यावरच राहिला. आणि डबा सांध्यावर असला की सांधा बदलता येत नाही.

त्यानं पुन्हा ओढून पाहिलं. भिंत काही सरकत नव्हती.

"दुसऱ्या बाजूनं वाढवा ना," प्रीती म्हणाली.

"तिकडं दरवाजा आहे. आणि रूळ चिकटवले वं आता. उखडले तर सगळंच जाते."

"मग भिंतीले भोक पाडा."

धम्मदीपनं बोटानं भिंत वाजवून पाहिली. भिंत चार इंचीच होती आणि त्यानंच बांधून घेतलेली होती. पलीकडं त्याचा धाकटा भाऊ अंकुश राहायचा. आधी हा दोघांचा मिळून एकच दिवाणखाना होता. चार वर्षांपूर्वी धम्मदीप ड्यूटीवर असताना अंकुशनं अंगणातलं वडिलांनी लावलेलं कडुनिंबाचं झाड तोडलं. धम्मदीप घरी आला तेव्हा खोडाचे तुकडे फाटकाशी पडलेले होते. तो वाट्टेल ते बोलला, अंकुशही बोलला. पुढच्या महिन्यात भिंत उभी राहिली. तेव्हापासून भावाभावांत बोलणं नव्हतं. बायका, प्रीती आणि अंकुशची पायल, मात्र गच्चीवर बोलायच्या, भांडणाचा विषय तेवढा सोडून. गच्चीवर भिंत नव्हती.

"मी पायलले विचारू का?" प्रीतीनं विचारलं.

"नको. मीच जातो."

जातो म्हणाला, पण आठवडाभर गेला नाही. रोज इंजिन भिंतीपर्यंत न्यायचा आणि परत आणायचा. मग एका सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, नकाशा हातात घेऊन तो फाटकातून बाहेर पडला आणि शेजारच्या फाटकातून आत गेला.

अंकुश गांधीबागेत साड्यांच्या ठोक दुकानात कामाला होता आणि तिकडंच निघाला होता. भावाला दारात पाहून तो थांबला. "काय झालं? वहिनी बऱ्या आहेत ना?"

"सगळे बरे आहेत. मले भिंतीले भोक पाडाचं आहे."

"काहून?"

धम्मदीपनं नकाशा दाखवून सांगितलं. अंकुशनं नीट ऐकलं. मग म्हणाला, "भिंत तूच बांधली, दादा. मी नको म्हटलं होतं."

"हो."

"आता भोकही तुलेच पाह्यजे."

"हो. तू नाही म्हटलं तर नाही पाडत."

आतून पायल म्हणाली, "त्या जागी फ्रीज आहे, भाऊजी. आणि भोकातून पाली येतील."

"झाकण लावतो. सरकतं."

अंकुश म्हणाला, "आधी पाहू दे, काय करून राहिला ते," आणि चपला घालून भावाच्या मागं आला. चार वर्षांत तो पहिल्यांदाच या बाजूला येत होता. प्रीतीनं चहा ठेवला.

अंकुशनं पाच चिठ्ठ्या उचलल्या आणि कंट्रोलर हातात घेतला. मानेत दोनच डबे मावत होते. तो दोन-दोन डबे नेत राहिला, चुकत राहिला, लांब साइडिंग भरून बसला, पुन्हा रिकामी करू लागला. दुकानातून फोन आला. "येऊन राहिलो," म्हणाला आणि उठला नाही. बऱ्याच वेळानं त्यानं मान वर केली.

"तीन मावले असते तर झालं असतं गा हे."

"तेच तर सांगून राहिलो."

"रविवारी पाड. मी फ्रीज सरकवतो."

रविवारी धम्मदीप अलीकडून छिन्नी मारत होता आणि अंकुश पलीकडून तळहातानं भिंत चाचपत होता. "इथं हादरते," तो ओरडायचा, "जरा वर घे." वीट सुटली, चुरा पायलच्या फरशीवर पडला आणि भोकातून भावाचा चेहरा दिसला, धुळीनं पांढरा झालेला.

अंकुश भोकातूनच म्हणाला, "दादा, त्या झाडाच्या मुळानं गटाराचा पाइप फुटला होता. घाण पाणी आमच्या स्वयंपाकघरात आलं होतं. आई गेल्यावर वर्षसुद्धा झालं नव्हतं, तिचं सगळं सामान तिथं फरशीवरच होतं."

"मले हे कोणी नाही सांगितलं."

"तू विचारलं कुठं? आला तसा भांडालेच लागला."

धम्मदीपनं छिन्नी खाली ठेवली.  "तिचं काही खराब झालं का?" त्यानं विचारलं.

"गोधडी गेली. बाकी वाचवलं पायलनं."

मग दोघं पुन्हा कामाला लागले. भोक चौकोनी केलं, कडा सिमेंटनं लिंपल्या, अंकुशनं आपल्या बाजूला ब्रॅकेट ठोकून छोटी फळी बसवली. रूळ पुढं नेला. धम्मदीपनं सरकतं झाकण लावलं ते पायलनं दोनदा उघडझाप करून पाहिलं आणि पास केलं.

संध्याकाळी निळं इंजिन तीन डबे घेऊन निघालं आणि भिंतीत शिरलं. तिसरा डबा सांध्याच्या पुढं गेला. प्रीतीनं टाळी वाजवली. तेवढ्यात पलीकडं खट्ट वाजलं आणि गाडी थांबली. रुळाचा जोड वर आला होता. धम्मदीपनं भोकातून हात घातला, पण कोपरापर्यंतच गेला.

"अंकुश! इंजिन उतरलं का?"

"पुढची चाकं खाली आहेत. थांब, हात नको लावू."

पलीकडून स्टूल ओढल्याचा आवाज आला. मग पायलचा, "टॉर्च धरू का?" मग अंकुशचा, "चढलं. सोड आता, हळू सोड."

धम्मदीपनं कंट्रोलर किंचित फिरवला.