खालच्या आवाजाचा श्वास

“श्वास चोरून घ्यायचा, पोरी. खालच्या आवाजाचा श्वास एका देवालाच कळला पाहिजे.”

आईला जाऊन अकरा वर्षं झाली होती. तरी पडद्याआड उभी राहून हातमोज्याचं बटण लावताना ओतिलियाला तिचे शब्द जसेच्या तसे ऐकू आले, कारण सभागृहातल्या कर्ण्यातून नेमकं उलट ऐकू आलं होतं. कुणीतरी श्वास घेतला होता.

चर्चमधली रविवारची मिस्सा आटोपून मेदेयीन शहरातली निम्मी गाणारी मंडळी रेडिओच्या सभागृहात जमली होती. ध्वनिमुद्रिकांना बक्षिसं देण्याचं हे दुसरंच वर्ष. उत्तम द्वंद्वगीताची चांदीची लीरा, वीणेच्या आकाराचं ते बक्षीस, आर्बेलाएस भगिनींना, म्हणजे ओतिलिया आणि तिची धाकटी बहीण एदेल्मिरा यांना, असं निवेदकाने नुकतंच पुकारलं होतं. आता रिवाजाप्रमाणे आधी तबकडी वाजत होती. ती संपली की दोघींनी मंचावर जाऊन तेच गाणं म्हणायचं होतं.

तिसऱ्या कडव्याच्या तोंडाशी एदेल्मिराचा वरचा सूर लांब ताणलेला असतो, आणि त्याच्याखाली दुसरा आवाज एकटाच आत शिरतो. ती जागा ओतिलियाची. सूर धरून असलेल्या एदेल्मिराला तिथे श्वासाला सवड नसते. मग हा श्वास कुणाचा? घरी ग्रामोफोन नव्हता. नाक्यावरच्या कॉफीच्या दुकानात ही तबकडी वाजायची, पण कपबशांच्या गोंगाटात तो श्वास कधी कळला नव्हता.

“ऐकलास?” तिने धाकटीला विचारलं.

“काय?”

“श्वास. मी तिथे श्वास घेत नाही.”

“ताई, तुला इतका ताप होता की तू गिटारवाल्याला मामा म्हणालीस. श्वासाचं काय घेऊन बसलीस? केसातली पिन बघ, पडेल.”

एदेल्मिरा हसली. हसताना पुढचा तुटका दात झाकायला तिचं बोट सवयीने ओठावर गेलं. पण ती हसली ते आरशाकडे बघून.

ओतिलियाने पिन खोचली. तबकडी भरली ती, उपासाच्या दिवसांतली दुपार तिला आठवली. गाणं दोनदा झाल्यावर ध्वनिमुद्रणाचे प्रमुख एव्हेलिओ म्हणाले होते, झालं, हिला घरी पाठवा. तिला गाडीत बसवून दिलं. एदेल्मिरा आली ती अंधार पडल्यावर. साथीच्या तिप्लेची तार तुटली होती, म्हणाली. तार बदलायला चार तास?

भिंतीशी बेरेनिसे पंख्याने वारा घेत बसली होती. रेडिओवरच्या साबणाच्या जाहिराती तीच गायची. खालचा आवाज तिचाही चांगला होता. ओतिलियाची नजर वळताच तिने पंखा मिटला आणि त्याच्या काड्या मोजायला घेतल्या.

त्याच तापात ओतिलिया नवस बोलली होती. आम्हा दोघींच्या आवाजाला लीरा मिळू दे, हिरार्दोता गावच्या चर्चमधल्या पडलेल्या येशूप्रभूपाशी अनवाणी चालत येईन. दुसरा आवाज परक्या बाईचा असेल तर प्रभूने नवस ऐकला होता की नव्हता? आणि शेजारी उभ्या असलेल्या या बहिणीने गेले सहा महिने, एका ताटलीतला आरेपा, मक्याची भाकरी, मोडून खाताना, तोंडातून शब्द काढला नव्हता.

एदेल्मिरा वादकांशी बोलायला गेली तशी ओतिलिया भिंतीशी गेली.

“अशी बघू नकोस बाई,” बेरेनिसे म्हणाली. “तुझी कोंबडी नाही चोरली मी.”

“त्या दिवशी तुला बोलावलं होतं?”

“बोलावलं होतं की. एव्हेलिओ म्हणाला, तिच्या जागी तू गा, नाव त्यांचंच राहील. मी चांगली नवी टोपी घालून आले, तर तुझ्या बहिणीने दारातूनच परतवून लावलं. घोटभर कॉफी विचारली नाही. वर म्हणते कशी, आईच्या जागेवर साबण नको.”

“मग गायलं कोण?”

बेरेनिसेने पंखा उघडला.

“माझ्या जाहिरातीत आई कोण असते?”

“तू.”

“आणि तिची मुलगी?”

“तीही तूच.”

“नवं यंत्र आलंय ना. आधी एक आवाज घ्यायचा, मग त्यावर दुसरा. फेस येईपर्यंत गायचं.” तिने मान वर केली आणि थांबली. एदेल्मिरा परत येत होती.

“चल, ताई.”

पडद्याबाहेर पाऊल टाकण्याआधी एदेल्मिराने छाती भरून श्वास घेतला. तुटक्या दातातून बारीक शीळ वाजली. तबकडीतल्या श्वासातली हीच ती शीळ. लहानपणापासून एका खाटेवर ओतिलिया ती शीळ ऐकत आली होती. घरातल्या घड्याळासारखी ती तिला ऐकू येईनाशी झाली होती, एवढंच.

दोन कडवी झाली. तिसऱ्याच्या तोंडाशी एदेल्मिराचा सूर वर गेला आणि तिथेच राहिला. ओतिलियाने ओठ किंचित विलग केले, जीभ दातांना लावली आणि मायक्रोफोनजवळ, सगळ्यांना ऐकू जाईल असा श्वास घेतला. बारीक शीळही वाजली. मग ती आत शिरली.

वरचा सूर हलला. तुटला नाही.

लीरा दोघींना मिळून एकच होती. बसमध्ये ती एदेल्मिराच्या मांडीवर होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

“आज तू तिथे श्वास घेतलास,” ती सावरत एदेल्मिरा म्हणाली.

“घेतला असेल. वय झालं.”

एदेल्मिराने वर्तमानपत्राची घडी पुन्हा नीट केली. उतरताना तिने ताईचा दंड धरला तो घरापर्यंत सोडला नाही.

सोमवारी उजाडायच्या आत ओतिलिया उठली. आईच्या तसबिरीखाली लीरा ठेवली होती. तिथे तिने क्रूसाची खूण केली. दोघींच्या आवाजाला, असं ती नवसात बोलली होती; तबकडीत मात्र दोन्ही आवाज एदेल्मिराचेच होते. शब्द धरून बसायचं तर जायलाच हवं असं नव्हतं. तिने जपमाळ आणि दोन आरेपा फडक्यात बांधले, बुटांच्या नाड्या एकमेकींत गुंतवून जोडी खांद्यावर टाकली.

खाटेवर एदेल्मिराची शीळ संथ चालली होती. दाराची कडी कुरकुरायची. ओतिलियाने श्वास चोरला, कडी हळूच वर उचलली आणि अनवाणी पाऊल गार दगडावर ठेवलं.