आतलं चाक

मित्रांनो, मी एक जुना पिकअप आहे. आधी माझी चाकं मोजा बरं. पुढे दोन, मागे चार. मागची दोन्ही बाजूंना जोडीजोडीने बसवलेली, एक बाहेर, एक आत. तरी लोक चारच म्हणतात, कारण आतली दोन कोणी वाकून बघतच नाही. असं कोणी म्हटलं की डोकं फिरतं माझं. पण ते राहू दे. त्या आतल्या चाकामुळेच तर सगळं घडलं, ते सांगतो.

कारखान्यातलं काही सांगण्यासारखं नाही. सकाळी पत्रा होतो, संध्याकाळी गाडी झालो. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते कॅन्ससमध्ये, डेलमर श्रागच्या अंगणात. डेलमर म्हणजे कापणीवाला. स्वतःचा गहू नाही कापायचा, दुसऱ्यांचा कापायचा. गहू आधी दक्षिणेत पिकतो, मग वर वर पिकत जातो. तर दर मे महिन्यात तीन हार्वेस्टर आणि आठ माणसं घेऊन आमची वरात टेक्सासला जायची आणि गव्हाच्या मागे मागे कापत कापत थेट मोंटानापर्यंत. सप्टेंबरात घरी.

माझ्याकडे कॅम्पर असायचा. कॅम्पर म्हणजे चाकांवरचं घर. त्याची मान माझ्या हौद्यातल्या हुकाला अडकवलेली. त्यात डेलमरची बायको ट्वायला स्वयंपाक करायची, अकराला एकदा, सहाला एकदा, आठ जणांचा. आणि सगळे जेवायचे कुठे? शेताच्या कडेला, कॅम्पर सोडवून माझा फाळका, म्हणजे हौद्याची मागची झडप, खाली पाडायचा आणि त्यावर ताटं. एकावर एक चढवलेले तिचे ते छोटे पाव, सॉसेज, उकडलेले चीजचे कानवले. शेतकरी यायचे आणि हार्वेस्टरकडे न बघता आधी माझ्या फाळक्याकडे बघायचे. ‘श्रागांच्या गाडीवर जेवण मिळतं’ असं अख्ख्या ओक्लाहोमात म्हणायचे. अख्ख्या म्हणजे, मी जेवढं ऐकलं तेवढ्यात.

बारा वर्षं असं चाललं. मग एक नवा पिकअप आला. आत टीव्ही असल्यासारखा चकाकणारा पडदा, दाराच्या खाली दिवे. मला शेडच्या मागे लावून टाकलं. सहा वर्षं, मित्रांनो! उंदरांनी सीटमधला कापूस नेला. एका तांबड्या कोंबडीने माझ्या हौद्यात अंडी घालायला सुरुवात केली, आणि मी हाकलणार कसा, हॉर्नच वाजत नव्हता.

तोवर डेलमरचे गुडघे गेले आणि मुलगी जॅनेलने धंदा हातात घेतला. ही जॅनेल फार बोलत नाही. बोलली की ते ठरलं. मागच्या उन्हाळ्यात त्या चकाकत्या पिकअपचा गिअरबॉक्स नेब्रास्कात तुटला. सगळी वरात दोन दिवस रस्त्यात, आणि ज्या शेतात पोचायचं होतं तिथे गारा पडून गहू आडवा. जॅनेलने घरी येऊन तो पिकअप विकला आणि एप्रिलात सांगून टाकलं, की या वर्षी कॅम्पर नाही. माणसं पंपावर मिळेल ते खातील, लॉजवर झोपतील.

म्हणजे ट्वायला घरी.

ती म्हणाली, बरं झालं, टोमॅटो लावीन. सगळ्यांनी ते खरं मानलं. पण मी बघत होतो ना. दुसऱ्या दिवशी ती अंडी गोळा करायला आली, माझ्या फाळक्यावर बसली आणि ॲप्रनने तो पुसायला लागली. सहा वर्षांची धूळ, पुसून काय होणार! पुसता पुसता कोंबडीला म्हणाली, “एकोणतीस उन्हाळे गं.” एवढंच.

शेडच्या कोपऱ्यावर डेलमर उभा होता. त्यानेही ऐकलं.

सकाळी तो नवी बॅटरी घेऊन हजर. मग तीन आठवडे माझी जी मजा झाली! टाकीतलं जुनं डिझेल काढलं, त्याला रंगाच्या डब्यासारखा वास येत होता. गंजलेल्या ब्रेकच्या नळ्या गेल्या, नव्या आल्या. मागचे स्प्रिंगचे पाटे दबले होते, त्यांच्यावर हवेच्या फुग्यांची जोडी बसवली; ओझं आलं की हवा भरायची आणि ताठ उभं राहायचं. मोठा रेडिएटर. गिअरचं तेल थंड ठेवणारी वेगळी जाळी. कॅम्परचे ब्रेक माझ्या ब्रेकबरोबर लागावेत म्हणून एक डबी. ट्वायला टॉर्च धरायची आणि डेलमर खालून ओरडायचा की मी काम इथे करतोय, तू उजेड तिकडे पाडतेयस. ती म्हणायची, मग काम इकडे आण. रोज हेच. मला तर वाटतं त्या दोघांना त्याच्यातच मजा येत होती.

शेवटी टायर. डेलमरने चार नवे आणले. दोन पुढे, दोन मागे बाहेरच्या बाजूला. आतले दोन तसेच ठेवले. ट्वायलाने विचारलं, आतल्यांचं काय? तो म्हणाला, “नक्षी बघ, अजून कोरी आहे. आणि आत कोण बघतंय?”

आता मला बोलता येत असतं तर! नक्षी कोरी होती, कारण सहा वर्षं मी हललोच नव्हतो. पण रबर नुसतं उभं राहूनही म्हातारं होतं. या कापणीवाल्यांचं असंच. गव्हाचा एक दाणा चावून सांगतील किती ओल आहे, पण टायरची नक्षी दिसली की खूष.

जॅनेल बघायला आली. खूप वेळ फिरली माझ्याभोवती. मग म्हणाली, शनिवारी कॅम्पर भरून चेनी नावाच्या तळ्यापर्यंत जा आणि परत या. तळ्यावर काय बसायचं ते बसा, पण रस्त्यात एकदाही थांबायचं नाही. थांबलात तर विषय संपला, सोमवारी मी कॅम्परशिवाय निघते. आठ माणसं माझ्या भरवशावर आहेत, मला पुन्हा नेब्रास्का नको.

शनिवारी निघालो. अहाहा. मागे कॅम्पर, त्यात पाण्याची टाकी भरलेली, पिठाची पोती, तिचे सगळे टोप. फुगे ताठ, इंजिनाचा आवाज असा की गायींनी माना वळवल्या. डेलमर शीळ घालत होता. तळ्यावर पोचलो, दोघांनी पाव खाल्ले.

आमच्या वरातीत एक जुना नियम होता. गाडी जिथे उभी राहील तिथे ड्रायव्हरने उतरायचं आणि प्रत्येक टायरवर लाकडी दांडका मारायचा. भरलेला टायर ‘टण्’ म्हणतो, बसलेला ‘थप्’. दांडका त्या सहा वर्षांत कुठेतरी हरवला होता. ट्वायला म्हणाली, एकदा ठोकून बघू का? डेलमर म्हणाला, अगं सगळं नवं आहे. ती गप्प बसली.

परतताना वीस मैल राहिले होते आणि माझं डावीकडचं आतलं चाक बसायला लागलं. बाहेरचं नवं चाक सगळं ओझं एकटं उचलत होतं, म्हणून स्टिअरिंग ओढत नव्हतं, गाडी कलत नव्हती. डेलमरला काही कळणं शक्यच नव्हतं. मला ओरडावंसं वाटत होतं. पण ट्वायलाने नाक वर केलं. एकोणतीस उन्हाळे चुलीपुढे काढलेलं नाक ते.

“काहीतरी करपतंय.”

डेलमर म्हणाला, शेतात कोणीतरी काड जाळत असेल.

“हे काड नाही. थांबव.”

थांबवलं. ट्वायला कॅम्परमध्ये गेली आणि लाटणं घेऊन बाहेर आली. बाहेरचा टायर, टण्. वाकून हात आत घातला. थप्.

त्या रस्त्याला दोन्हीकडे गहू, पिवळा पडायला लागलेला, आणि एक गाडी नाही. मग डेलमर हळूच म्हणाला, बाहेरचं धरून आहे, हळू हळू नेतो, घरी जाऊन बदलू, जॅनेलला काय कळणार आहे?

मित्रांनो, खरं सांगतो, मलाही वाटलं, नेऊ या. मला पुन्हा कोंबडीखाली जायचं नव्हतं. आणि तिला तर टेक्सासला माझ्याहून जास्त जायचं होतं. तिने कॅम्परच्या खिडकीकडे पाहिलं, आत तिचे टोप दिसत होते. लाटणं दोन्ही हातांत घट्ट धरलेलं.

“आज गप्प बसले,” ती म्हणाली, “तर टेक्सासलाही गप्पच बसेन. तिथे आपल्या मागे हार्वेस्टर घेऊन आपलीच पोरं असतील.”

तिने फोन लावला. “जॅनेल, आम्ही थांबलोय. हो. थांबलोय.”

अर्ध्या तासाने जॅनेल आली. आपल्या गाडीत जॅक आणि एक चाक घेऊन. सरळ खडीवर पाठीवर झोपली, माझ्याखाली सरकली आणि टॉर्च लावून आत बघत राहिली. खालूनच तिचा आवाज आला.

“बाबा, आतले टायर किती वर्षांचे?”

डेलमर म्हणाला, “नक्षी कोरी होती.”

“नक्षी नाही विचारली.”

डेलमर लांबच्या पवनचक्कीकडे बघत म्हणाला, “सात. असतील आठ.”

आतलं चाक बदलायला आधी बाहेरचं काढावं लागतं. जॅनेलने दोन्ही काढली, आतल्याच्या बाजूच्या रबरावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा होत्या. नवं बसवलं, हात पुसले आणि विचारलं, की हे पकडलं कोणी? ट्वायलाने लाटणं वर केलं. जॅनेलने ते घेतलं आणि स्वतः माझ्या आणि कॅम्परच्या एकूण एक टायरवर ठोकून आली. टण्, टण्, टण्.

मग म्हणाली, “नेब्रास्कात गिअरबॉक्स चार दिवस कुरकुरत होता. चालवणाऱ्याला ऐकू येत होतं. मला सांगितलं नाही त्याने, मी चिडेन म्हणून.” लाटण्यावरची धूळ तिने जीन्सला पुसली. “दुकान पाचला बंद होतं, बाबा. उजवीकडचा आतलाही आजच बदल. सोमवारी सकाळी निघायचंय. आणि आई, हे स्वयंपाकाला नको वापरू आता. दुसरं घे.”

ट्वायला कॅम्परच्या पायरीवर बसली, आणि पाय हलवत राहिली.

आत्ता मी टेक्सासमध्ये आहे. रोज सकाळी निघायच्या आधी लाटणं वाजतं, आणि आधी आतल्या चाकांवर. डेलमरच वाजवतो, गुडघ्यांच्या नावाने ओरडत. तांबडी कोंबडी घरी आहे, तिची आठवण येते असं मी म्हणणार नाही.

तर मित्रांनो, तुमच्याकडे सायकल असेल, शिलाईचं मशीन असेल, पाण्याचा पंप असेल. बाहेरून पुसून चमकवू नका नुसतं. वाका, आत हात घाला, ठोकून बघा. आणि ‘थप्’ आलं तर कोणाला तरी सांगा, लगेच, तेवढ्यासाठी घरी राहावं लागलं तरी.

अकरा वाजले. शेतातून आठ जण येतायत. माझा फाळका खाली पाडतायत बघा.