टेकाडावरचा लिंब

"दौंड, ऐकू येतंय का? बोला, दौंड!"

महबूबनं बिनतारी संचाचं बटण दाबून पुन्हा हाक घातली. उत्तरादाखल नुसती खरखर.

वडगाव रासाईचे सरपंच शंकरराव शेजारीच उभे होते. पुराची खबर देणारं हे यंत्र आपल्या अंगणात बसावं, अशी त्यांची हौस. पण अंगण सखल, डोक्यावर विजेच्या तारा, भोवती चिंचा.

"हितं न्हाई जमायचं, सरपंच. उंच, मोकळी जागा पायजे."

"मंग बौद्धवस्तीच्या वरचं टेकाड हाय की. पर तितं बयाबाई ऱ्हाती."

पाटबंधारे खात्याच्या बिनतारी यंत्रांपायी महबूबची उमेदीची वर्षं गेली होती. टेकाडावर त्यानं संच लावला आणि दौंडचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा आला. संचाच्या उंच खांबाला याहून चांगली जागा नव्हती. फक्त ऐन माथ्यावर एक डेरेदार लिंब होता आणि त्याच्या सावलीत बयाबाईचं खोपट.

"मावशी, झाड तुमचं?"

"माझ्या रंभाचं." बयाबाईचे बाजरी निवडणारे हात थांबले. "एकसष्टच्या पुरात लेक गेली. नदीकडंला घर हुतं. पानी येतंय ते कुनी सांगितलंच न्हाई. मी मजुरीला गेल्ते पाटसला. मंग हितं वर ऱ्हायला आले, आन् तिच्या नावानं ह्यो लावला."

 दुपारभर महबूब दुसरी जागा शोधत संच घेऊन फिरला. उतारावर बघितलं, पलीकडच्या बांधावर बघितलं. कुठं आवाज तुटे, कुठं जमीन भुसभुशीत. घामानं निथळत परतला तेव्हा बयाबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"जागा घावली न्हाई व्हय?"

"फांद्या छाटून बघतो, मावशी."

"खरं सांगा."

त्यानं तांब्या खाली ठेवला. "खांबाला चौफेर तारा ताणाव्या लागत्यात. झाड ऱ्हायलं तर खांब न्हाई."

"आन् खांब झाला, तर पानी यायच्या आदी कळंल?"

"कळंल. पावसाळाभर हितं मानूस बसंल. वर नदी चढली, की गावात दवंडी."

"आमच्या वस्तीत बी?"

"पयली तुमच्या वस्तीत. आमच्या साहेबाला तसं कबूल करायला लावीन, मगच खड्डा खांदीन."

बयाबाईनं लिंबाजवळ जाऊन बुंध्यावर हात ठेवला.

"तोडा मंग. पर मी हितं असतानाच तोडा. रंभा गेली तवा मी नव्हते."

महबूबनं शब्द पाळला; आधी साहेबाची कबुली आणली. झाड पडलं त्या दिवशी बयाबाई कामावर गेली नाही. कुऱ्हाडी चालू होत्या तोवर खोपटाच्या दाराशी बसून होती. 

पुढच्या आठवड्यात खांब उभा राहिला. महबूबनं संच सुरू करून तिला जवळ बोलावलं. आतून आवाज आला, वर नदीला पाणी नेहमीइतकंच आहे.

"नेहमीइतकंच," बयाबाई हळूच म्हणाली आणि मान हलवून उठली. खोपटावर आता थेट ऊन पडत होतं. तिनं पदर कपाळावर ओढला, केरसुणी घेतली आणि अंगणभर पसरलेली लिंबाची वाळकी पानं झाडायला लागली.