दाराच्या पलीकडचा शॉट

नात आपल्या हातचं काही घेत नाही, हे आजोबांच्या फार लवकर ध्यानात आलं. वाटी पुढे केली की ती म्हणायची, "खाली ठेवा, मी घेते." रस्ता ओलांडताना त्यांनी हात पुढे केला की तिचे दोन्ही हात खिशात. आई असताना हीच पोर आजोबांच्या खांद्यावरून खाली उतरत नसे. घरभर गरगर फिरायची म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं होतं. आता ती भिंतीला पाठ लावून बसायची.

तिचे बाबा बोटीवर नोकरीला. फोनवर ते म्हणाले, "तिला तुमच्याकडे नको वाटतंय, हे मला तिच्या आवाजावरून कळतं. रविवारी येतो आणि वसतिगृहाच्या शाळेत घालतो. मी पाण्यावर असताना दुसरं करू तरी काय?"

"रविवारपर्यंत काही ठरवू नका," आजोबा म्हणाले. लेक गेली होती, आता नातही गेली तर या घरात भांड्यांचा आवाज तेवढा उरणार होता.

तिच्या दुराव्याचं कारण त्यांना ठाऊक होतं, निदान तसं त्यांना वाटत होतं. आजोबांचा जन्म स्टुडिओत दिवे लावण्यात गेला. एकदा एका दिग्दर्शकाने त्यांचे जाडजूड, केसाळ हात पाहिले आणि तो ओरडला, "मिळाला मला खुनी!" त्या रहस्यपटाच्या सुरुवातीला फक्त हे हात दिसतात. बोळातून एक माणूस चालत येतो. खोलीत रेडिओवर गाणं चालू असतं. तो आत शिरतो, दार लोटतो, दाराच्या कडेवर चार बोटं क्षणभर दिसतात. दार लागतं आणि गाणं बंद. चेहरा पुढे येतो तो भलत्याच नटाचा. शेजारच्या काकूंनी मोठ्या कौतुकाने हा सिनेमा भिंगरीला दाखवला होता, आईला जाऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा. "बघ गं, हे तुझ्या आजोबांचे हात!"

भीती कशी तयार करतात ते दाखवलं की भीती जाते, असा आजोबांचा हिशेब होता. दुपारी त्यांनी पडदे ओढले आणि टॉर्च हनुवटीखाली धरला.

"आता मी कोण?"

"भूत."

त्यांनी टॉर्च वर नेऊन समोरून धरला. "आणि आता?"

"आजोबा."

"मग माणूस बदलला का?"

"नाही. टॉर्च हलला."

"शाबास! लोक तिकीट काढून येतात आणि नेमकं हेच विसरतात."

मग त्यांनी तिला आपला मोबाईल जमिनीवर ठेवायला लावला आणि त्याच्यासमोरून ते चपला घालून चालले. मोबाईलवर चपला केवढ्या थोरल्या दिसल्या! "कॅमेरा खाली ठेवला की कुणीही राक्षस होतो," आजोबा म्हणाले.

"मी तर सगळ्यांना खालूनच बघते," भिंगरी म्हणाली.

आजोबा हसले, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. "आणि सगळ्यात मोठी युक्ती म्हणजे न दाखवणं. दार लावून टाकायचं. आत काय झालं ते बघणाऱ्याने आपल्या मनाने भरायचं. मनात येतं तितकं वाईट कुठल्याच दिग्दर्शकाला सुचत नाही."

तिने मोबाईल जमिनीवरून उचलला. आजोबांनी तो मागायला हात पुढे केला. तिने तो टेबलावर ठेवला.

"बरं बाईसाहेब, आता तुमचा सिनेमा. सुरुवात तेवढी काढायची. मी तुमचा नट."

ती उठली. तिला विचार करावा लागलाच नाही. स्वयंपाकघरातला जुना टेबलफॅन तिने ओढत ओढत आईच्या खोलीत नेला आणि सुरू केला. त्याची घरघर खोलीबाहेरच्या बोळापर्यंत येत होती.

"हे कशाला गं?"

"आधी घरघर हवी. तुम्ही आत जायचं. दार लावायचं. एकदम नाही, हळू. बोटं कडेवर राहू द्यायची. मग पंखा बंद करायचा."

आजोबा आत गेले. दार लोटलं, कडेवरून एकेक बोट काढलं, पंख्याचं बटण दाबलं. पडदे ओढलेल्या त्या खोलीत एकाएकी शांतता झाली. ही घरघर त्यांनी ऐकलेली होती. लेकीला हवा पुरवणारं मशीन याच कोपऱ्यात असंच घरघरत होतं.

त्यांनी दार उघडलं. भिंगरी बोळात मोबाईल धरून उभी होती.

"अगं, कट म्हण ना."

"पुढचं मला माहीत नाही," ती म्हणाली. "तुम्ही आत आईला काय केलंत?"

लेकीने त्यांच्याकडून वचन घेतलं होतं: पोरीला यातलं काही कळू द्यायचं नाही, झोपेत गेली म्हणून सांगायचं. इतके दिवस त्यांनी ते वचन जिवापाड सांभाळलं होतं. आणि त्या बंद दाराआड पोरीने काय भरलं होतं, तर हे.

ते खाली फरशीवर बसले. आता तीच त्यांच्याहून उंच होती.

"आई झोपेत गेली नाही," ते म्हणाले. "मी दार लावलं तेव्हा ती जिवंत होती. डॉक्टर सांगून गेले होते की आता काही करण्यासारखं नाही. मी तिला छातीशी टेकवून धरलं. खूप वेळ गेला. मग तिचा श्वास थांबला. मशीन नुसतंच चालू होतं. ते मी बंद केलं."

"खोटं. दार लागलं आणि लगेच ते बंद झालं."

"लगेच बंद होतं ते सिनेमात, बाळा. त्या दिवशी तू इथे दाराशी रडून रडून झोपून गेलीस. जाग आली तेव्हा सगळं शांत होतं. मधलं तुला दिसलंच नाही."

ती आठवत राहिली. "तिला दुखत होतं?"

"हो. फार."

"माझं नाव घेतलं?"

'घेतलं' म्हणणं किती सोपं होतं! आजोबांनी तो शब्द गिळला. "नाही. नाव घ्यायला श्वासच नव्हता. दोनच शब्द बोलली. दार लावा."

भिंगरी त्यांच्या अंगावरून आत गेली. पलंगावर नुसती गादी होती. ती तिच्यावर आडवी झाली, दाराकडे मान वळवली आणि मोबाईल डोळ्यांसमोर धरला.

"आजोबा, मी होते तिथे उभे राहा."

ते उठले आणि बोळात जाऊन उभे राहिले.

"वाका. मी एवढी उंच नाही."

ते गुडघ्यांवर बसले. पलंगावरून आता ते पूर्ण दिसत होते.

"इथून मी दिसत होते," ती म्हणाली.

"हो."

"रडताना."

"भोकाड पसरलं होतंस. तिची नजर तुझ्यावरून हलत नव्हती. मग म्हणाली, दार लावा. तुझं रडणं तिला बघवेना."

मोबाईल गादीवर पडला. भिंगरीने भिंतीकडे तोंड केलं आणि आई गेल्यापासून जे रडणं बाहेर पडलं नव्हतं ते एकदम बाहेर पडलं. आजोबा आत आले. तिला हात लावावा की नाही, त्यांना कळेना. ते कडेला बसून राहिले. बऱ्याच वेळाने तिने न वळताच मागे चाचपडून त्यांचं एक बोट मुठीत धरलं. मूठ इतकी गच्च होती की बोट दुखू लागलं. त्यांनी ते दुखू दिलं.

"बाबांना सांगा," ती भिंतीलाच म्हणाली, "रविवारी नुसतं भेटायला या. आणि त्यांनाही इथे आईच्या जागी झोपवून दाराकडे बघायला लावा. त्यांनी तर काहीच बघितलं नाही."