केशरबाईला लागू न पडलेली सुई

मी शेवगावच्या सुमंत डॉक्टरांकडची काचेची सिरिंज बोलतेय. उकळत्या पाण्यातून निघायचं, औषध ओढून घ्यायचं आणि कुणाच्या तरी अंगात रिकामं व्हायचं, एवढंच माझं आयुष्य.

एकाहत्तर साली पिठाची गिरणी चालवणारा श्रीमंत नावाचा गडी क्षयानं खंगून आला. धरून आणलं होतं त्याच्या बायकोनं, केशरबाईनं. सुईला पाहून तो कण्हायचा, तशी ती हसायची, "एवढाली पोती उचलता आन् हिला भेता व्हय?"

माझ्यातल्या स्ट्रेप्टोमायसिन नावाच्या औषधानं त्याचा खोकला थांबला, अंग भरलं. वर्षभर तरी सुया-गोळ्या सोडायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तो म्हणायचा, "बरं वाटतंय की डाक्टर! कशाला अंगाची चाळण करायची?" ठसका लागला की चार दिवस यायचा, उतार पडला की गायब. केशरबाई हात जोडायची, पण तो ऐकायचा नाही.

बहात्तरच्या दुष्काळात गिरणीत दळण येईना झालं आणि श्रीमंतच्या थुंकीतून रक्त पडू लागलं. मी तेच औषध पुन्हा त्याच्या अंगात ओतत राहिले. ताप हटेना.

मग केशरबाई खोकू लागली. तिनं एकही सुई चुकवली नाही, तरी ती वाळतच गेली.

पुण्याहून थुंकीच्या तपासणीचा निकाल आला, तेव्हा डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं. "श्रीमंत, औषधानं दुबळे जंतू मेले. चिवट होते ते तू मध्येच थांबलास म्हणून वाचले आणि वाढले. आता हे औषध त्यांना लागू पडत नाही. तुझ्या खोकल्यातून तेच हिच्या छातीत गेलेत."

केशरबाई खाली बघत म्हणाली, "पर डाक्टर, म्या तर कवा सुई सोडलीच न्हाई."

श्रीमंत तोंड झाकून रडला.

पुण्याहून दुसरं, जालीम औषध मागवलं. तोवर ते सोसायची ताकद तिच्यात उरली नव्हती. ती गेली. श्रीमंतला मात्र त्यानं गुण आला.

आता माझ्यावरचे आकडे पुसट झालेत. लवकरच मला टाकून देतील. त्याआधी एवढंच विनवते: डॉक्टर पुरे म्हणेपर्यंत औषध सोडू नका.

काल एक क्षयाचा रोगी सुई न घेताच उठला. "आता बरं वाटतंय," म्हणाला. अजूनही दवाखान्यात येऊन बाकावर बसणाऱ्या श्रीमंतनं त्याचं मनगट धरलं.

"घरी कोण हाय?"

"बायको. अन् लहान लेक."

"मंग बस खाली," श्रीमंत म्हणाला. तो बसला, तरी श्रीमंतनं मनगट सोडलं नाही.