फुग्यांतली अक्षरं

क्लाइड वेटर चित्रं काढायचा आणि पात्रांच्या तोंडच्या फुग्यांतली अक्षरं त्याची बायको लिओटा लिहायची. क्लीव्हलंडच्या त्या घरात नऊ वर्षं असंच चाललं होतं. चाळीस वर्तमानपत्रांत छापून येणाऱ्या त्या चित्रमालिकेवर सही एकट्या क्लाइडची असे, पण लिओटाला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं.

मार्चमध्ये क्लाइड म्हणाला, "तुझी बोटं फार दुखतात. या आठवड्याची अक्षरं मी लिहितो. तू आईकडे बघ."

लिओटाची आई, ऑगस्टा, हल्ली भ्रमिष्टासारखी वागायची. नुकतेच तिने आपले बूट बर्फाच्या पेटीत ठेवले होते आणि कधीच वारलेल्या नवऱ्याचं ताट वाढून ती त्याची वाट बघत बसली होती. हे सांगताना लिओटा क्लाइडच्या खांद्यावर डोकं टेकून रडली होती. तो तिचे केस कुरवाळत राहिला होता.

एप्रिलअखेर ती सॉसेज आणायला गेली, तर नोव्होत्नी खाटीक पेपर नाचवत म्हणाला, "बाई, तुमच्या नवऱ्याने कमाल केली! म्हातारी बूट बर्फात घालते! आमची ही हसून हसून लोळली."

लिओटाने पेपर ओढून घेतला. अंबाडा आईचा, शालही आईचीच. शेवटच्या चौकटीत म्हातारी रिकाम्या खुर्चीला बटाटे वाढत होती.

घरी येऊन तिने तो पेपर क्लाइडच्या पुढ्यात आपटला.

"अगं, तिचं नाव कुठं घातलंय?" तो म्हणाला.

"म्हणून अक्षरं तू लिहिलीस होय? मला वाटलं, माझी बोटं दुखतात म्हणून."

"विचारलं असतं तर नाहीच म्हणाली असतीस. लिओ, संपादकांच्या तारा आल्यात. त्यांना म्हातारी दर रविवारी हवीय."

"दे की मग. पण माझी आई आता इथं राहायची नाही. आणि मीही."

आईला घेऊन ती टोलेडो शहरात गेली आणि दुकानांच्या काचांवर नावं रंगवून पोट भरू लागली. क्लाइडने अक्षरांसाठी दुसरी बाई ठेवली. म्हातारी गाजली.

ऑगस्टा रविवारी रंगीत पान पसरून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची. एकदा तिने विचारलं, "कोण गं ही वेडी? हिला घरचं कुणी नाही का?"

"मुलगी आहे," लिओटा म्हणाली.

पुढच्या रविवारपासून तिने पेपर बदलला. ऑगस्टाने तीन रविवार म्हातारीची चौकशी केली. मग ती म्हातारीलाही विसरली.